आमदारकीसाठी २५ वर्षांची अट २१ वर आणावी का?

माणदेशी: विधानसभेला उभं राहायचं तर घटनेच्या कलम १७३ प्रमाणे वय २५ लागतं. लोकसभेलाही तेवढंच. ७३ व्या घटनादुरुस्तीने मात्र ग्रामपंचायतीला २१ पुरेसं मानलं. मी बाविसाव्या वर्षी सदस्य झाले. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरच्या खेपांची वही माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी विहिरीवर थांबून खेपा मोजायचे. वहीत चार, विहिरीत तीन! ग्रामसभेत उभी राहून ते वाचून दाखवलं, तेव्हा कुणी माझं वय काढलं नाही. मग आमदारकीलाच का काढायचं? ही अट २१ वर आणा.

वकीलकाका: ताई, खेपा मोजल्यात त्याचं मनापासून कौतुक. पण पंचायत योजना राबवते, विधानसभा कायदा करते. त्याला चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस हवा. आजवर १०६ घटनादुरुस्त्या झाल्या; जिथे अन्याय होतोय तिथेच घटनेला हात लावावा. आणि २१ केलं तर तिकीट कुणाला मिळेल? ज्याच्या घरात साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था, त्याच्याच पोराला.

सोलापूरकर: काका, पावसाळ्यांचा मुद्दा १९४९ मध्येच संविधान सभेत निघाला होता. राज्यसभेसाठी ३५ वर्षांची अट सुचवली होती. दुर्गाबाईंनी (पुढे चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं, त्याच) ती ३० वर आणायला लावली. शहाणपण वयावर ठरत नाही, हेच त्यांचं म्हणणं होतं. मतदानाचं वयही ६१ व्या दुरुस्तीने २१ वरून १८ केलं. त्याने काही बिघडलं नाही.

वकीलकाका: मत देणं वेगळं, कायदा करणं वेगळं. दुर्गाबाईंनीही लोकसभेचं वय २५ च्या खाली आणलं नाही, हेही लिहा. घराणेशाहीवर तर कुणी बोललंच नाही.

माणदेशी: मी बोलते. २५ च्या अटीने वारसदार अडले का? त्यांना थांबायला काही लागत नाही; कारखाना जागेवरच असतो. अडतो आम्ही. काका, तुम्ही अन्याय कुठे विचारलंत. विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा मी २४ ची होते, दहा गावं मला खेपांवरून ओळखत होती. पुढची आली तेव्हा २९ ची. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आले होते, आणि तिथे मी फक्त कुणाची तरी सून होते.