मदत हवी आहे : दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या बाबांना हलतं कसं ठेवावं?

नमस्कार मंडळी. बाबांचं सांगलीत किराणा दुकान आहे. सकाळी शटर उघडलं की रात्रीपर्यंत ते गल्ल्यावर. माल काढून द्यायला पोरगा आहे, त्यामुळे उठायचं कारणच उरत नाही. मधुमेह आहे, जेवणानंतरची साखर चढी राहते, संध्याकाळी घोटे सुजतात. डॉक्टरांनी हृदय, किडनी तपासली, ठीक आहे. बसणं कमी करा म्हणाले.

"पहाटे अर्धा तास फिरतो की!" हे बाबांचं ठरलेलं उत्तर. फिरणं चांगलंच, पण नंतर तासन्‌तास बसलं की पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत नाहीत आणि रक्तातली साखरही कमी वापरतात. लंडनच्या बसगाड्यांवरचा जेरी मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास त्यांना सांगितला. बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. हे मात्र त्यांना पटलं!

दुपारी जेवून दहा मिनिटं शतपावली केली तर साखरेला फायदा होतो, पण नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकं असतात. गुडघेही दुखतात, त्यामुळे सतत उभं राहणं जमणार नाही.

तुमच्यापैकी कुणी दुकानदार आहे का, किंवा घरी असं कुणी? दर अर्ध्या तासाने उठायची सवय कशी लावलीत? काउंटरची, मालाची मांडणी बदलून उपयोग झाला का? बसल्या बसल्या टाचा वर-खाली करण्याने सूज उतरली का? कृपया अनुभव सांगा, मला खरंच काळजी वाटतेय.