खडकांचे चक्र ठरावीक क्रमानेच फिरते का?

प्रश्न
पाठ्यपुस्तकांतील आकृतीत अग्निज खडकापासून गाळाचा खडक, त्यापासून रूपांतरित खडक आणि तो वितळला की पुन्हा अग्निज, असे बाण गोलाकार दाखवलेले असतात. प्रत्येक खडकाला ही फेरी याच क्रमाने पूर्ण करावी लागते का? शिवाय रूपांतर होताना खडक वितळत असेल, तर त्यालाही अग्निजच का म्हणू नये?

उत्तर १
दुसरी शंका आधी घेतो, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. रूपांतर घन अवस्थेतच होते. चुनखडक खोल गाडला गेला किंवा त्याच्या शेजारी तप्त शिलारस घुसला, की त्यातील कॅल्साइटचे बारीक कण न वितळताच नव्याने स्फटिकरूप घेतात, वाढत वाढत एकमेकांत गुंततात, बहुतेक जीवाश्मांच्या खुणा त्यात पुसल्या जातात आणि संगमरवर तयार होतो. शेलमध्ये, म्हणजे बारीक चिखलापासून बनलेल्या गाळाच्या खडकात, मातीच्या खनिजांच्या जागी अभ्रकाचे पापुद्रे दाबाच्या दिशेशी काटकोन करून वाढतात. पाटीचा दगड सपाट पत्र्यांत फुटतो तो यामुळेच. उष्णता व दाब आणखी वाढल्यास त्याच द्रव्यापासून शिस्ट आणि पुढे पट्टिताश्म बनतो.

उत्तर २
क्रमाचे बंधन मुळीच नाही. ‘चक्र’ हा शब्दच थोडा फसवा आहे. त्याला जाळे म्हटले असते तर बरे झाले असते. महासागरतळाचा बेसाल्ट भूपट्टाबरोबर (पृथ्वीच्या कठीण कवचाच्या सरकत्या तुकड्याबरोबर) खाली खेचला जातो तेव्हा तो गाळ न होताच एक्लोजाइट या अधिक घनतेच्या खडकात रूपांतरित होतो. उलट, गाळाचा खडक झिजून पुन्हा गाळाचाच खडक होऊ शकतो. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी १७८८ मध्ये जवळजवळ उभे झालेले जुने थर आणि त्यांच्यावर मंद उताराचा तांबडा वालुकाश्म पाहिला. वरच्या खडकाच्या तळाशी खालच्याच खडकाचे तुकडे अडकलेले आहेत. म्हणजे जुना गाळ दगड झाला, कलला, उचलला गेला, झिजला आणि त्याच्यावर नवा गाळ साचला.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण एक भर घालावीशी वाटते. खडक केवळ खोल गेला म्हणून वितळत नाही, कारण खोलीबरोबर दाब वाढतो आणि दाबामुळे त्याचा वितळणबिंदूही वर सरकतो. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली प्रावरण (कवचाखालचा खडकाचा जाड थर) वितळते ते वर येताना दाब घटल्यामुळे, तर खाली जाणाऱ्या भूपट्टाच्या वर ते वितळते ते खनिजांतून सुटलेल्या पाण्यामुळे. पाणी उपलब्ध असल्यास ग्रॅनाइट सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअसलाच वितळू लागतो. त्यामुळे रूपांतर आणि वितळणे यांतील सीमारेषा तितकी स्वच्छ नाही. मिग्मटाइट नावाच्या खडकात वितळलेला आणि न वितळलेला भाग शेजारी शेजारी पट्ट्यांनी दिसतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग इतक्या उलथापालथीत मूळ खडकाची काहीच खूण उरत नाही का?

उत्तर २
उरते, विशेषतः झिरकॉन या अतिशय टिकाऊ खनिजामध्ये. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सापडलेले काही झिरकॉन कण सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, पण ज्या खडकात ते आहेत तो जवळपास ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गोट्यांचा, पुढे रूपांतरित झालेला खडक आहे. त्यांचा मूळ खडक केव्हाच झिजून गेला. कण मात्र टिकले.