मदत हवी आहे : अभिवाचनात जाचणारा उजेड कसा दाखवावा?
नाशिकमध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीतल्या कोठडीच्या प्रसंगाचं अभिवाचन बसवतोय. खिडकी नाही, भिंती पांढऱ्याशुभ्र, दिवे कधीच विझत नाहीत. 'जिथे अंधार नाही' ती जागा म्हणजे छळघर. आपले कान 'तमसो मा ज्योतिर्गमय'ला सरावलेले, त्यामुळे उजेड आला की प्रेक्षकाला सुटकाच वाटते! ६५०० केल्विनचे (थंड, निळसर पांढऱ्या उजेडाचे) एलईडी वरून सोडले तर काही मिनिटांत डोळे सरावतात, जाच संपतो. सावल्या पुसायला चारही बाजूंनी दिवे लावावेत, तर वाचणाऱ्यांच्या हातातला कागद चकाकतो. आधी २७०० केल्विनचा पिवळा उजेड ठेवून एकदम पांढऱ्यावर जावं, की डिमरने हळूहळू चढवावं? मधे दोन-तीन सेकंद पूर्ण काळोख दिला तर अर्थ बिघडेल का? प्रकाशयोजना करणाऱ्यांनी कृपया सांगा.