दौलताबाद लढायांनी घडवलं की लढायांनी मोडलं?

किल्लेभटक्या
दौलताबादला गेलेला प्रत्येक जण "देवगिरी, यादवांची राजधानी" म्हणतो आणि तिथंच थांबतो. भिल्लम पाचव्याने ११८७ च्या सुमारास इथं राजधानी वसवली, हे खरंच आहे. पण आज आपण जो किल्ला बघतो त्यातलं बरंचसं पुढच्या साडेचारशे वर्षांच्या लढायांनी उभं केलंय.

महाकोटाच्या, म्हणजे आतल्या मुख्य तटाच्या, दारातून आत शिरताना नीट बघा. एक दरवाजा ओलांडला की पुढचा सरळ रेषेत नाही, वळून आहे. मधे चौक, चहूबाजूंनी भिंती, वर पहारेकरी. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच ठेवलेली नाही. तरीही आलाच, तर फळ्यांवर लोखंडी सुळे आहेत. पुढे तोफा आल्या आणि किल्ल्याचं रूप पुन्हा बदललं. वरच्या अंगाला मेंढा तोफ ठेवलीय, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे म्हणून ते नाव. आणि सगळ्यात बाहेरचा अंबरकोट हा तट मुघल दारात आल्यावर निजामशाहीच्या मलिक अंबरने घातलेला. याला "मूळ यादवांचा किल्ला, बाकी भर" म्हणणं मला पटत नाही. ही भर म्हणजेच किल्ला आहे.

गोदाकाठची
सर, तुमचं वर्णन छान आहे, पण हिशोबाची एकच बाजू मांडलीत. लढाईने जे उभं केलं ते तुम्हाला दिसतं, कारण ते उभं आहे. जे गेलं ते कोण मोजणार? यादवांची राजधानी होती म्हणजे देवळं होती, वाडे होते, बाजार होता. हेमाद्री ज्या दरबारात करणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख होता, त्याचा आज तिथं उभं राहून अंदाजही लागत नाही. कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या स्वारीनंतर, १३१८ मध्ये बांधलेली जामा मशीद बघा. आत खांबांचं रान आहे आणि ते खांब देवळांचे आहेत. आज तिथं भारतमातेची मूर्ती आहे, तो वाद वेगळा. पण खांब सांगतात की एक शहर मोडून दुसरं रचलं गेलं. याला "घडवलं" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बीडचा पाव्हणा
ताई अन् सर, दोघंबी भिंतीवरच भांडायलात. किल्ला पडला कशानं ते बघा की! १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी आला तवा यादवराजा रामदेवरावाचा पोरगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर. रामदेवराव वर जाऊन बसला, अन् वर दाणापाणीच नाही. धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली असं सांगतात. खरंखोटं देवाला माहीत, पण तह करावा लागला तो पोटापायी. मग १६३३. मुघल सरदार महाबतखानानं सुरुंग लावून अंबरकोट फोडला, ते झालंच. पण मलिक अंबरच्या पोरानं, फतेहखानानं, किल्ला हवाली केला तवा आत उपासमार सुरू होती. म्हंजे दगड रचले शत्रूला बघून अन् किल्ला गेला कोठारापायी. मग भिंतीचं कौतुक कशाला?

किल्लेभटक्या
भाऊ, कोठाराचं सोळा आणे खरं. पण महाबतखानाएवढ्या सरदाराला काही महिने खाली तळ ठोकून बसावं लागलं, ते भिंतीमुळेच ना? भिंत नसती तर उपासमारीची वेळच आली नसती, पहिल्या आठवड्यातच निकाल लागला असता.

सिडकोवासी
मुहम्मद तुघलक राहिला की! १३२७ ला दिल्लीहून राजधानी इथं आणली, नाव दौलताबाद केलं. सगळे त्याला वेडा म्हणतात, पण दक्षिण ताब्यात ठेवायची तर जागा चुकीची नव्हती.

भडकलचा रहिवासी
किल्ल्यातून जरा खाली उतरा, मंडळी. मलिक अंबरने १६१० ला खडकी वसवली, तेच आपलं शहर, म्हणजे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा १६१२ चा, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. शहराचा तट औरंगजेबाने घातला १६८२ ला. म्हणजे दरवाजा तटापेक्षा सत्तर वर्षांनी थोरला! शत्रू अडवायला नव्हे, मिरवायला बांधला. मधल्या काळात, १६१६ ला, रोषणगावच्या लढाईनंतर मुघलांनी खडकी जाळली. तरी गाव पुन्हा वसलं. का? माझ्या मते पाणी. नहर-ए-अंबरीने, म्हणजे मलिक अंबरच्या कालव्याने, डोंगराचं पाणी शहरात आणलं, आणि ते काम कुठल्या लढाईच्या भीतीने झालेलं नाही. बावन्न दरवाजांचं कौतुक सगळे करतात, नहरीचं कोण करतं? आणि खरी पडझड झाली ती १७६३ ला निजामाने राजधानी हैदराबादला नेल्यावर. लढाई चालू असताना डागडुजी तरी होते.

गोदाकाठची
हे शेवटचं वाक्य मात्र पटलं. पण सर, तुमच्या "भर म्हणजेच किल्ला" या म्हणण्याने एक होतं. किल्ल्यातला चांदमिनार बघताना माणूस बहमनी सुलतानाचं नाव घेतो आणि पुढं जातो. तिथं आधी काय होतं, हे विचारायची गरजच संपते. मशिदीपाशी ठळक फलक लावा, हे खांब कुठून आले ते लिहा.

किल्लेभटक्या
लिहा ना, माझी ना नाही. पण मग अंबरकोटापाशीही लिहा की हा तट एका हबशी गुलामाने, पुढे निजामशाहीचा कारभारी झालेल्या माणसाने, दिल्लीच्या फौजेसमोर उभा केला. तिथं आपली मंडळी मान फिरवतात.

गोदाकाठची
चालेल. पण आधी खांबांचं.

बीडचा पाव्हणा
अन् कोठाराचा फलक?