मागेल त्याला द्यायचं, की पात्र पाहून?

जुनं बाड: 'सत्पात्री दान' ही कसोटी पहिल्या ख्रिस्ती मंडळींना लावू नका. 'दिदाखे' ही त्यांची आचारनियमांची जुनी पुस्तिका, 1:5 मध्ये सरळ सांगते: मागेल त्याला दे, परत मागू नकोस. 'हर्मासचा मेंढपाळ' हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती ग्रंथ आणखी पुढे जातो: कोणाला द्यावं, कोणाला नाही, हा विचारच नको. जबाबदारी घेणाऱ्यावर. 'दिदाखे' 1:5 ही तेच बजावतं: गरज नसताना घेतलं तर शेवटची दमडी फिटेपर्यंत सुटका नाही.

तराजू: 1:6 का गाळलंत? कोणाला देतोयस हे कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे. 'दिदाखे'चंच प्रकरण 11 पाहा: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही की खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यायची, पैसे मागितले की खोटा. ही चौकशी नाही तर काय?

जुनं बाड: 1:6 हे 'असंही म्हटलं आहे' म्हणून आलेलं अवतरण, त्यानं मागची आज्ञा रद्द होत नाही. प्रकरण 11 पाहुण्या उपदेशकांचं आहे, भुकेल्यांचं नव्हे. तिथंच 11:12 म्हणतं, दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला कोणी दोषी ठरवू नये.

ओसरी: दोघंही दारातल्या मागणाऱ्यापाशीच अडलात. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारची वर्गणी मंडळीच्या अध्यक्षाकडे जमते आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांचं बघतो. देणारा आणि घेणारा समोरासमोर येतच नाहीत. रोमन लोकांची भेटवस्तू म्हणजे आपला आहेर, परतफेड गृहीतच. ती साखळी इथं तुटते. 251 च्या सुमारास रोमची मंडळी 1,500 हून जास्त विधवा-गरजूंना पोसत होती.

तराजू: तुटली कुठं? दुसरं टोक बिशपच्या हाती गेलं, एवढंच. म्हणून तर पैसा कोणाचा हेही बघावं लागलं. 144 च्या सुमारास मार्कियन या पाखंडी ठरलेल्या गुरूला रोमच्या मंडळीतून काढलं तेव्हा त्यानं दिलेले 2,00,000 सेस्टर्स (रोमन नाणी) ही परत गेले. तिसऱ्या शतकातल्या सीरियाची 'दिदास्कालिया' ही मंडळीच्या नियमांची पोथी बजावते: गुलामांना छळणारे, खोटी मापं वापरणारे, यांचं दान नको. घेणं भागच पडलं तर त्याचं जळण आणा. विधवेच्या पोटात ते अन्न जाता कामा नये.

जुनं बाड: मग तीच साक्ष माझ्या बाजूची. झाडाझडती देणाऱ्याची चाललीय, विधवेची नव्हे.

तराजू: बायबलच्या नव्या करारातलं पत्र, 1 तीमथ्य 5:9. साठ वर्षांच्या आतल्या विधवेचं नाव यादीत घालू नये. ही कोणाची झाडाझडती?