'डॉक्टर हू'चा पहिलावहिला भाग: हा म्हातारा नायक आहे की खलनायक?

फिरस्ती:
'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचा 1963 चा पहिला भाग, 'ॲन अनअर्थली चाइल्ड', काल परत पाहिला. पूर्वी पाहिला होता तो निव्वळ कर्तव्य म्हणून. नवी मालिका आवडते, मग मूळ नको का बघायला? या वेळी मात्र रमले. आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना.

जवळजवळ अर्धा भाग संपेपर्यंत मुख्य पात्राचा, डॉक्टरचा, पत्ताच नाही. इयन आणि बार्बरा हे दोन शिक्षक गाडीत बसून सूझन नावाच्या विद्यार्थिनीबद्दल बोलतात. पोरगी विज्ञानात मास्तरांच्या पुढे, पण पौंडात शिलिंग किती ते तिला सांगता येत नाही. दशमान पद्धत अजून सुरू झालेली नाही, हे विसरलेच, म्हणते! (ब्रिटनमध्ये ती आली 1971 मध्ये. लेखकाचा नेम बरोबर लागला.)

मग भंगारच्या आवारात डॉक्टर, म्हणजे सूझनचा हा तिरसट म्हातारा आजोबा, उगवतो. शिक्षकांशी धडधडीत खोटं बोलतो, ते त्याच्या काळप्रवासाच्या यानात शिरल्यावर दार बंद करून घेतो, इयनला विजेचा झटका बसू देतो आणि वर दोघांना न विचारता यान उडवतो. सरळ अपहरण आहे हे. हे ठरवून केलं होतं, की पात्र अजून हातात बसलं नव्हतं?

जुनापुराणा:
ठरवूनच. उलट तुम्ही पाहिलात तो सौम्य केलेला अवतार! हा भाग आधी सप्टेंबरमध्ये चित्रित झाला होता. बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमनने तो पाहिला आणि पुन्हा करायला लावला. त्यात डॉक्टर याहून तुसडा आहे, अंगात साधा कोट-टाय, आणि यानाची दारं नीट मिटतच नाहीत, मागे आपटत राहतात. ऑक्टोबरच्या चित्रणात डॉक्टर झालेला नट हार्टनेल मध्येच गालातल्या गालात हसतो, इयनला खेळवतो. तेवढ्याने माणूस बदलतो. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय तेव्हा 24.

तिरकस:
म्हातारा म्हातारा काय लावलंय, हार्टनेल तेव्हा 55 चा होता :)
बाकी केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, 23 नोव्हेंबरला, हा भाग लागला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो परत दाखवावा लागला. यान अश्मयुगात उतरतं, ते गुहेतल्या माणसांचे पुढचे तीन भाग मात्र ओढून ताणून आहेत. सरळ पुढची, डालेक नावाच्या यंत्रासारख्या शत्रूंची कथा गाठा.

जुनापुराणा:
तिसरा भाग अजिबात गाळू नका! जखमी गुहामानवाला मदत करायला बाकीचे थांबलेत आणि डॉक्टरला तिथून सटकायचंय. तो गुपचूप एक दगड उचलतो. इयन मनगट पकडतो. डॉक्टर म्हणतो, याच्याकडून यानापर्यंतचा नकाशा काढून घेणार होतो. त्या थापेवर कोण विश्वास ठेवेल? तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दगडात आहे.

सप्तक:
थोडं अवांतर. यान सुटतानाचा तो घरघरणारा आवाज बीबीसीचा ध्वनिकार ब्रायन हॉजसनने घराची किल्ली पियानोच्या तारांवर घासून मिळवला, मग टेपवर त्याची मोडतोड केली. शीर्षकातल्या धुरासारख्या आकृत्या म्हणजे कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरवर रोखलेला. संगणक वगैरे काही नाही. हेडफोन लावून परत बघा.

फिरस्ती:
दगडाचा प्रसंग आत्ताच पाहिला. जुनापुराणा, तुमचं पटलं, पण अर्धंच. खलनायक म्हणावा तर सूझनला सोडून देण्याच्या कल्पनेनेही तो हलतो. मला तो घाबरट वाटला. आणि घाबरलेल्याच्या हातात यान असलं की बाकीच्यांचं काही खरं नाही. खरी नायिका बार्बराच. जखमीला टाकून पळायला तीच आधी नकार देते.

जुनापुराणा:
मग डालेकांच्या कथेत बघा, शहर पाहता यावं म्हणून यान बिघडल्याचं सोंग कोण करतं ते. त्याच्या पुढच्या, यानातच घडणाऱ्या दोन भागांत बार्बरा त्याला फैलावर घेते आणि शेवटी तो तिची माफी मागतो. नायक व्हायला त्याने तिथून सुरुवात केली, असं माझं मत.

तिरकस:
म्हणजे गुहा काही चुकत नाही. बरं, बघतो.