अमेरिकेत फेडरल काँट्रॅक्ट: बिडच्या आधी सरकारी माणसांशी बोललं तर चालतं का?

हर्नडनकर: आमची छोटी आयटी कंपनी आहे नॉर्दर्न व्हर्जिनियात, आत्तापर्यंत मोठ्या प्राइमच्या (सरकारशी थेट करार असलेल्या मुख्य कंपनीच्या) हाताखाली सबकाँट्रॅक्ट केलं, आता स्वतः प्राइम म्हणून उतरायचंय. सॅम डॉट गव्ह या सरकारी खरेदीच्या साइटवर रजिस्ट्रेशन झालंय. एका एजन्सीची सोर्सेस सॉट नोटीस (हे काम कोण करू शकेल, अशी बिड मागवण्याआधीची विचारणा) आलीये, पण पार्टनर म्हणतो काँट्रॅक्टिंग ऑफिसरला (सरकारतर्फे करार करणाऱ्या अधिकाऱ्याला) फोनबिन करू नकोस, वशिला लावतोय असं वाटेल. खरंच बोलायचं नसतं का?

जुना_काँट्रॅक्टर: असं काही नाही हो. आरएफपी (बिड मागवणारं अधिकृत कागदपत्र) निघायच्या आधी कंपन्यांशी बोला असं खुद्द एफएआरच, म्हणजे सरकारी खरेदीची नियमावलीच सांगते, इंडस्ट्री डे (कंपन्यांसोबतची माहिती-बैठक) आणि ड्राफ्ट आरएफपी त्यासाठीच असतात. हा गैरसमज इतका पसरला होता की 2011 मध्ये सरकारने त्यावर खास 'मिथ बस्टिंग' मेमो काढला. तुम्ही नोटिशीला उत्तर द्याच, कारण किमान दोन लायक छोट्या कंपन्या वाजवी दरात बिड टाकतील असं ऑफिसरला दिसलं तर ते काम बहुतेक वेळा छोट्यांसाठी राखून ठेवावं लागतं, आणि तुम्ही गप्प बसलात तर त्याला कसं कळणार तुम्ही आहात म्हणून? नुसतं ब्रोशर पाठवू नका, असंच काम कुठे केलंय आणि त्यांच्या रिक्वायरमेंटमध्ये काय खटकतंय ते स्पष्ट लिहा. आरएफपी निघाली की मात्र प्रश्न फक्त त्यात दिलेल्या माणसाकडे, लेखी.

मेरीलँडची_ताई: काम मिळाल्यावरचं पण सांगते, तिथेच जास्त माणसं अडकतात. रोज ज्याच्याशी बोलणं होतं तो सीओआर (कामावर देखरेख करणारा, काँट्रॅक्टिंग ऑफिसरचा प्रतिनिधी), पण किंमत, स्कोप, मुदत बदलायचा अधिकार फक्त काँट्रॅक्टिंग ऑफिसरला. ओळखीतल्या एका कंपनीला सीओआरने कॉलवर सांगितलं अजून दोन रिपोर्ट जोडा, यांनी जोडले, आणि बिल परत आलं कारण मॉडिफिकेशनच (करारातला लेखी बदल) नव्हतं. नंतर रॅटिफिकेशन (अधिकार नसताना सांगितलेल्या कामाला मागाहून मंजुरी) होऊ शकतं पण त्याची खात्री नसते. असं कोणी सांगितलं की त्याच दिवशी ऑफिसरला ईमेल टाका, गोड भाषेत, पण टाकाच.

हर्नडनकर: खूप आभार दोघांचे! ताई, दिवाळीला एजन्सीच्या ऑफिसात फराळाचा डबा नेला तर चालेल का, की तेही नको?

मेरीलँडची_ताई: एका वेळी 20 डॉलर आणि एका कंपनीकडून वर्षाला 50 डॉलर, एवढ्यापर्यंतची भेट त्यांना घेता येते, कॅश कधीच नाही. पण काही एजन्सींचे नियम याहून कडक असतात, आणि तुमचं बिड समोर असताना तर नकोच, त्या बिचाऱ्यांनाच उत्तरं द्यावी लागतात.

जुना_काँट्रॅक्टर: अजून एक, हरलात तर नोटीस आल्यापासून 3 दिवसांत डीब्रीफिंग (निवड का झाली नाही याचा खुलासा) लेखी मागा. तुम्ही कुठे कमी पडलात ते मोठ्या बिडमध्ये त्यांना सांगावंच लागतं, आणि पुढच्या बिडला याच्याइतकं उपयोगी काही नाही.